डॅशकॅम रिव्ह्यू: सिग्नल तोडल्याचं चलान रद्द झालं ते मागच्या कॅमेऱ्यामुळे

गाडीत पुढे-मागे दोन कॅमेऱ्यांचा डॅशकॅम बसवून वर्ष होत आलं, भुसावळचा अख्खा उन्हाळा त्याने काढला आणि मुख्य म्हणजे पुण्यातलं एक चलान त्याच्यामुळे रद्द झालं, म्हणून आता लिहितोय. कंपनीचं नाव देत नाही, ही नावापेक्षा आत काय आहे ते बघून घ्यायची वस्तू आहे.

आधी चलानचं सांगतो. ताईकडे पुण्याला गेलो होतो, एका मोठ्या चौकात लाल सिग्नलला पहिल्याच रांगेत उभा होतो आणि मागून १०८ ची ॲम्ब्युलन्स सायरन वाजवत आली. उजवीकडे डिव्हायडर, डावीकडे बस, सरकायला जागाच नाही, मग गाडी स्टॉप लाइनच्या पुढे काढून बसच्या तोंडासमोर घेतली आणि तिला वाट करून दिली. हे करायलाच पाहिजे, ॲम्ब्युलन्सला वाट न देणं हा वेगळा गुन्हा आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ई मध्ये त्याला १० हजार दंड लिहिलाय. घरी आल्यावर दोन-तीन दिवसांनी मोबाईलवर मेसेज, सिग्नल जंपिंग, कलम ११९/१७७, ५०० रुपये. लिंक उघडली तर फोटोत माझी गाडी, नंबर एकदम क्लिअर, सिग्नल लाल, आणि ॲम्ब्युलन्सचा पत्ताच नाही कारण ती फ्रेममध्ये यायच्या आधीचा तो फोटो.

मित्रांना विचारलं तर सगळ्यांचं एकच, भरून टाक ना भो, ५०० साठी काय पुण्याला चकरा मारणार का. मला हे अजिबात पटत नाही. एकतर चकरा माराव्या लागत नाहीत, ट्रॅफिक पोलिसांच्या ई-चलान पोर्टलवरच तक्रार टाकता येते, आणि दुसरं म्हणजे पैसे भरले की विषय संपला असं नसतं, पहिला गुन्हा आपल्या नावावर लागला, पुढच्या वेळी त्याच कलमात दंड १५०० पर्यंत जातो. न केलेल्या गोष्टीचा पहिला नंबर मी का लावून घेऊ?

आता कॅमेऱ्याचं. पुढच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बघितलं तर ते पोलिसांच्याच बाजूने होतं, लाल दिवा दिसतोय आणि माझी गाडी निवांत पुढे चाललीय. सगळी केस मागच्या कॅमेऱ्यात होती. काचेत हळूहळू मोठी होत जाणारी पांढरी गाडी, टपावरचा फिरता दिवा, बॉनेटवरचे १०८ आकडे, आणि मी बाजूला झाल्याबरोबर ती शेजारून निघून गेली. खाली कोपऱ्यात तारीख आणि वेळ, चलानवरच्या वेळेशी जुळणारी. जीपीएसवाला मॉडेल घेतला होता म्हणून घड्याळ आपोआप बरोबर राहतं, नाहीतर कितीतरी लोकांच्या कॅमेऱ्यात वेळ भलतीच असते आणि मग असा पुरावा कोण धरणार. तीन स्क्रीनशॉट काढले, चार ओळीत काय झालं ते लिहिलं, चलान नंबर टाकून तक्रार सबमिट केली. थोडे दिवस गेले आणि चलान रद्द. ज्याने कोणी तिकडे बसून ते फोटो नीट बघितले त्याचे मनापासून आभार.

मेमरी कार्डावर मात्र पैसे वाचवू नका. डॅशकॅम जुनं रेकॉर्डिंग पुसून त्यावर नवीन करत जातो, आणि कॅमेऱ्याच्या चलानची नोटीस यायला वेळ लागू शकतो, केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये आलेल्या नियम १६७ए मध्ये त्यासाठी १५ दिवस दिले होते. म्हणजे चलान हातात पडेपर्यंत छोट्या कार्डावरचा पुरावा कधीच गेलेला असू शकतो. माझं २५६ जीबीचं आहे आणि रोजचं चालवणं कमी म्हणून सापडलं. हाय एंड्युरन्स लिहिलेलंच कार्ड घ्या, साधं सतत रेकॉर्डिंगला टिकत नाही. आणि रस्त्यात असं काही झालं की लगेच लॉकचं बटण दाबायचं, ती फाइल पुसली जात नाही. मूळ फाइल तशीच ठेवा, व्हॉट्सॲपवरून फिरवलेला व्हिडिओ दबतो, आणि तक्रार फेटाळली गेली तर कोर्टात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं सर्टिफिकेट लागतं, तिथे मूळ फाइलच कामाला येते. लोकअदालत पण असते पण ती तडजोडीची जागा आहे, तुमची चूकच नसेल तर आधी तक्रार करा.

बसवून घेतला जळगावला, ॲक्सेसरीजच्या दुकानात. मी आत बॅटरी असलेला मॉडेल बघत होतो, काहींमध्ये बॅटरीऐवजी कपॅसिटर म्हणजे थोडीशी वीज साठवणारा, उष्णतेला जास्त टिकणारा भाग असतो, तर दुकानदार म्हणे, "भाऊ, कपॅसिटरवाला घ्या, आपल्याकडे मे महिन्यात गाडी उन्हात उभी राहिली का बॅटरी फुगीनच." आणि खरंय ते, ४५ डिग्रीत बंद गाडीच्या काचेला चिकटलेली वस्तू किती तापते ते इथल्या माणसाला सांगायला नको. कपॅसिटरवाला व्यवस्थित चालतोय. मागची वायर त्याने छताच्या कापडाखालून इतकी साफ नेली की कुठे दिसत पण नाही, घाई न करता मन लावून काम केलं पोराने.

नावडलेलं म्हणजे चिकटपट्टी, एप्रिलमध्येच सुटली आणि कॅमेरा डॅशबोर्डवर पडला, दुसरी चांगली पट्टी लावावी लागली. रात्री समोरच्याचे लाइट अंगावर आले की नंबर प्लेट वाचता येत नाही. मोबाईल ॲप तर फारच रटाळ, वायफायने एक क्लिप उतरवायला चहा होऊन जातो, मी सरळ कार्ड काढून लॅपटॉपला लावतो. कार्डासकट दहा हजाराच्या आत बसला. फक्त पुढच्या कॅमेऱ्याचा स्वस्तात मिळतो, तो घेऊ नका.