जामीन निधी की कैद्यांना पुस्तकं?

न्यूयॉर्कचा भाचा विचारतो, काळ्यांच्या तुरुंगविरोधी लढ्याला महिना 50 डॉलर द्यायचेत, कुठे देऊ?

जामीन निधी म्हणजे गरीब आरोपींचा जामीन भरणारी वर्गणी. तिचा परिणाम लगेच दिसतो. 2010 मध्ये तिथल्याच 16 वर्षांच्या काळ्या मुलावर बॅगचोरीचा आळ आला. घरच्यांकडे जामिनाचे 3000 डॉलर नव्हते. खटला न चालताच जवळपास तीन वर्षं रायकर्स बेटावरच्या तुरुंगात! शिवाय आरोपी तारखांना हजर राहिला की पैसे बहुधा परत येतात, पुढच्याच्या कामी लागतात. इलिनॉयमध्ये मात्र 2023 पासून रोख जामीनच बंद.

पुस्तकं स्वस्त, पण कटकट फार. अनेक तुरुंगांत पुठ्ठा बांधणीची चालत नाहीत. तरी कैदेतच लेखक झालेला काळा क्रांतिकारक जॉर्ज जॅक्सन कोठडीत वाचूनच घडला.

पैसे आहेत, वेळ नाही? निधी. रविवारची दुपार मोकळी असेल, पत्रं लिहायचीही तयारी असेल, तर पुस्तकं.