सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर, वारजे (पुणे): अण्णांचं दुखणं सोळा आण्यांवरून चार आण्यांवर

अण्णांना (माझे सासरे, गालाचा कॅन्सर) कोरेगावहून इथे आणलं तेव्हा घरात चार रात्री कुणाचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. आधीच्या हॉस्पिटलने "आता करण्यासारखं काही नाही, घरी न्या" म्हणून फाईल हातात ठेवली. दुखणं कमी करणारे (पॅलिएटिव्ह केअरचे) डॉक्टर वेगळे असतात एवढं जरी सांगितलं असतं, तर अण्णा दोन महिने तडफडले नसते. तो राग अजून गेलेला नाही.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, दहापैकी किती दुखतंय?" अण्णा म्हणाले, "सोळा आणे." मग रोजचा हिशोब आण्यांतच. तोंडाने घ्यायचं मॉर्फिन (अफूपासूनचं, जबर दुखण्यावरचं औषध) सुरू झालं, दर चार तासांनी, दुखायची वाट न बघता. सोबत पहिल्या दिवसापासून पोट साफ व्हायचं औषध, कारण मॉर्फिनने शौचाला हमखास खडा होतो. माणूस गुंगीतच राहील अशी आम्हाला धास्ती होती. दोन दिवस पेंगले, तिसऱ्या दिवशी पेपर मागितला. आठवड्याने म्हणाले, "चार आणे."

पण माझ्या मनात राहिलंय ते जखमेचं. गालाला भोक पडलेलं, वास इतका की घरी खोलीत सतत उदबत्ती. अण्णांना ती कशासाठी ते कळायचं. नातीला जवळ येऊ देत नसत. इथे सिस्टरनी मला मेट्रोनिडॅझोलच्या (जंतू मारणाऱ्या औषधाच्या) गोळ्या कुटून पूड जखमेवर भुरभुरायला शिकवलं. चिकटलेली पट्टी सोडवताना माझे हात कापत होते. "ताई, ओढू नका. भिजू द्या, आपोआप सुटते." चार-पाच दिवसांत वास पुष्कळ उतरला.

सेंटर 1997 पासून आहे, उपचारांचे पैसे घेत नाहीत. लोक समजतात तसं हे मरायला आणून ठेवायचं ठिकाण नाही. आम्ही बारा दिवसांनी अण्णांना घरी नेलं. मॉर्फिन ठेवायला मान्यता लागते, गावच्या मेडिकलमध्ये ते नव्हतं, त्यामुळे आमच्या ह्यांच्या वारज्याला खेपा व्हायच्या. केमो चालू असतानाही असा सल्ला घेता येतो, तेव्हा आमच्यासारखं थांबू नका. बायॉप्सीच्या रिपोर्टसकट सगळी फाईल न्या.

शेवटचा महिना नात अण्णांच्या अंथरुणावरच बसून पाढे म्हणायची. चुकली की ते बोटाने गादीवर टकटक करायचे.