माईकवर बोलून लिहिणं : नऊ महिन्यांनंतर

आधी माझी भानगड सांगतो, म्हणजे हा अनुभव तुमच्या कामाचा आहे की नाही ते कळेल. वय ६७. एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, अमळनेर आगारातून निवृत्त झालो. त्यानंतर दर रविवारी एक लेख लिहायचा नेम धरला. गाड्या, ड्रायव्हर-कंडक्टर, यात्रेच्या जादा फेऱ्या, फलाटावर हरवलेली पोरं, असले विषय. सात वर्षं नेम चालला आणि एक दिवस बंद पडला.

बंद का पडला तेही सांगतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या गावात भरलं, १९५२ नंतर पहिल्यांदाच. प्रताप महाविद्यालयाच्या आवारात मी तिन्ही दिवस वेळेवर हजर. लोक म्हणाले, आता तुम्ही जोरात लिहाल. झालं उलटंच. घरी येऊन मोबाईलवर पहिलं वाक्य लिहिलं की ते गावंढळ वाटायचं. पुसायचं. दुसरं लिहायचं, तेही पुसायचं. नऊ महिन्यांत दोन लेख झाले, तेही कुढत कुढत. फिरायला जा, वाचन वाढवा, विषय बदला, हे सगळे सल्ले मिळाले आणि सगळे करून पाहिले. विषय कधीच आटले नव्हते हो. पुसायचं बटण फार जवळ होतं.

त्यात फोन पडला. खालची पट्टी मेली, म्हणजे कीबोर्डची शेवटची ओळ गेली. दुरुस्तीच्या दुकानातला पोरगा म्हणाला, ‘आबा, काच येवाले आठ दिन लागतीन. तवलोंग आठे माईक शे ना, तो दाबा आनि बोला.’ कीबोर्डच्या वरच्या कोपऱ्यातलं ते माईकचं चिन्ह मी तोवर पाहिलंच नव्हतं. भाषा मराठी निवडली, दाबलं आणि तोंडातून निघालं ते असं : ‘प्रवाशांनी लक्ष द्यावे, धुळ्याकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे.’ फोनने अक्षरन् अक्षर बरोबर लिहिलं. मी एकटाच हसलो.

आठ दिवसांनी काच आली, पण माईक सुटला नाही. नोव्हेंबरपासून आजपर्यंत एकतीस लेख बोललो. त्यातले नऊ टाकून दिले. बावीस उरले, ते वाचण्यासारखे आहेत असं मला वाटतं.

आता वापराचं. बारा-पंधरा मिनिटं बोललो की हजारभर शब्द होतात. त्याने हुरळून जाऊ नका, त्या हजारातले पाचशे कामाचे निघतात आणि ते निवडायला दोन तास जातात. माझ्या फोनमध्ये ‘पूर्णविराम’ म्हटलं तर तो शब्दच लिहून येतो, त्यामुळे सगळा मजकूर बिनथांब्याच्या गाडीसारखा सुसाट असतो. जरा जास्त वेळ गप्प राहिलं की माईक आपोआप बंद होतो आणि आपण पुढची पाच वाक्यं हवेत बोललेलो असतो. इंटरनेट गचके खात असेल तर शब्द गिळतो. मे महिन्यात तर कहर. खान्देशात मे म्हणजे दिवसभर कूलर, आणि कूलरच्या घरघरीत त्याला काही ऐकू येत नाही. कूलर बंद केला तर मला काही सुचत नाही. शेवटी पहाटे साडेपाचला धाब्यावर (घराच्या गच्चीवर) जाऊन बोलायची सवय लागली. ती पाऊस लागेपर्यंत टिकली. आता जिन्यात बसतो.

फलाटावरच्या माईकने मला एक शिकवलं होतं. तिथे खाडाखोड नसते. चुकीचा फलाट सांगितला तर ‘पुन्हा ऐका’ म्हणायचं आणि बरोबर सांगायचं. तेच इथे करतो. वाक्य फसलं तर मागे जात नाही, ‘पुन्हा ऐका’ म्हणतो आणि वेगळ्या तऱ्हेने बोलतो. नंतर मजकुरात ‘पुन्हा ऐका’ शोधलं की दुरुस्तीच्या जागा आपोआप सापडतात. दुसरी गोष्ट : नुसत्या फोनशी बोललो की भाषण होतं. माझा एक जुना ड्रायव्हर जोडीदार आता शिरपूरला असतो. तो समोर बसलाय असं धरून ‘ऐक भो’ने सुरुवात करतो. त्याला गावंढळ वाटण्याची भीती नाही. पहिले शंभर शब्द बहुतेक वेळा छाटावेच लागतात, पण त्या शंभरांशिवाय पुढचं निघत नाही. छाटणी मात्र फोनवर करू नये. झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरात प्रिंट काढतो आणि लाल पेनाने बसतो. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, म्हणून अक्षर मोठं. पहिल्या प्रिंटमध्ये ‘म्हणजे’ एकेचाळीस वेळा होतं.

सगळ्यात मोठी अडचण आपल्या अहिराणी बोलीची. फुनके, बिबडे हे आमचे खायचे पदार्थ. फुनके म्हटलं की ‘फोन के’, बिबडे म्हटलं की ‘बिबट्या’. कानबाई ही आमची खान्देशची देवी, तिची ‘कामवाली बाई’ झाली. ती चूक तशीच छापली गेली असती तर तिच्या सणाला, रोटाच्या दिवशी, गावात तोंड दाखवायची सोय उरली नसती. आमचे एक शेजारी मला धीर देतात, ‘बहिणाबाईंनी कुठे लिहिलं? बोलल्याच ना.’ खान्देशात या विषयावर बहिणाबाई निघणारच. पण त्यांची गाणी जात्यावर, शेतात पिकून आलेली होती, आणि ती उतरून घेणाऱ्यांतला सोपानदेव त्यांच्या पोटचा पोरगा होता. आईचा शब्द त्याला अर्धा ऐकूनही कळायचा. म्हणून १९५१ ला बहिणाबाई गेल्या तरी १९५२ ला गाणी पुस्तकात आली. माझा फोन माझ्या आईची बोली जाणत नाही.

याच बोलीपायी एक लेख मी माईकवर बोलू शकलो नाही. वडील सालदार होते, म्हणजे वर्षाच्या कराराने शेतावर राबणारे गडी. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) साल संपायचं, हिशेब व्हायचा, आणि नवा मालक ठरला तर आमचं बिऱ्हाडही हलायचं. हे बोलायला लागलो, ‘आखाजीला सालदार बदलतो.’ फोनने लिहिलं, ‘आघाडीला सरदार बदलतो.’ आधी हसू आलं. पुन्हा ऐका, पुन्हा सरदार. तिसऱ्यांदाही सरदारच. मग वडिलांना कोणी कधी सरदार म्हटलं असतं का, हे मनात आलं आणि मी गप्प बसलो, तेवढ्यात माईक बंद झाला. तो लेख जुन्या डायरीत पेनाने लिहिला. अकरा दिवस लागले. अंगठ्याचा सांधा दुखत होता, पण एकही वाक्य पुसलं नाही.

तर, घ्यावं का? विकत घ्यायचं काही नाहीच, फोनमध्ये आहे ते. ज्यांना लिहिण्याआधीच स्वतःचं लिहिणं आवडेनासं होतं, त्यांनी महिनाभर बोलून पाहावं. ज्यांना मुळात बोलायलाच फार आवडतं, त्यांनी याच्या नादी लागू नये, आवरणार नाही. पाचपैकी साडेतीन गुण देतो. दीड गुण बोलीचा कापला.

हाही मजकूर जिन्यात बसून बोललोय. प्रिंट आणली आणि चहा घेऊन आलेल्या बायकोच्या हातात दिली. मी ‘अहिराणी’ म्हणालो होतो तिथे फोनने ‘अहो राणी’ लिहिलं होतं. तिने चष्मा वर केला, दोनदा वाचलं आणि विचारलं, ‘हाई राणी कोन शे?’