मस्टँग, जीटी-आर का 911? खान्देशात राहून घ्यायची असेल तर आधी मालकांची रडगाणी ऐका

सावदा-फैजपूरकडचे केळीवाले असोत नाहीतर जळगावचे डाळ मिलवाले, हल्ली एकच प्रश्न येतो, "भो, दोन कोटीच्या आतबाहेर जायची तयारी आहे, खरी स्पोर्ट्स कार घ्यायचीय, कोणती घेऊ?" आणि फिरून फिरून नावं तीनच. फोर्ड मस्टँग जीटी, निसान जीटी-आर, पोर्श 911. माझं काम टायर आणि अलाइनमेंटचं, त्यामुळे गाडी कशी पळते हे सांगायला दुसरे हजार लोक आहेत, मी उलट बाजूने सांगतो, म्हणजे ज्यांनी या गाड्या घेतल्यात ते कंपनीकडे काय मागतात, काय सुधारायला पाहिजे म्हणतात, आणि ते रडगाणं आपल्या रस्त्यावर आणि आपल्या मे महिन्यात किती मोठं होतं.

पॉवरचं दोन ओळीत संपवतो, कारण पॉवर वाढवा असं या तिन्हीतला मालक क्वचितच म्हणतो. मस्टँगचा 5 लिटरचा व्ही-8 आपल्याकडे 401 हॉर्सपॉवरला आला, 911 करेरा एस 2024 पर्यंत 450 ची, आणि जीटी-आर 570 ची. समृद्धीवर सुद्धा लिमिट 120 ची आहे, तिथे जीटी-आर काही सेकंदांतच पोचते, मग उरलेला प्रवास काय करायचं भाऊ? त्यामुळे ब्रोशरमधला 0 ते 100 चा आकडा बघून गाडी ठरवू नका, तिन्ही आपल्या गरजेपेक्षा जास्तच फास्ट आहेत.

खरं दुखणं चाकाखाली आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात स्पीडब्रेकर 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा असं लिहिलंय, म्हणजे हळूहळू चढ, हळूहळू उतार. आता यावल-रावेर रोडवरचे किंवा चोपड्याकडचे गावातले स्पीडब्रेकर आठवा, उंची तीच किंवा जास्त आणि रुंदी हातभर, लोकांनी रातोरात डांबर-खडी टाकून केलेले. जीटी-आरचा ग्राउंड क्लिअरन्स साधारण 110 मिलिमीटर. आपल्या साध्या हॅचबॅकला 165-170 असतो. म्हणजे जीटी-आर नियमातल्या स्पीडब्रेकरवरून कशीबशी जाईल आणि गावातल्यावर पोट घासणार, प्रश्नच नाही. मस्टँग थोडी उंच आहे, पण तिचं नाक लांब, तिरकी घालावी लागतेच. 911 ला फ्रंट लिफ्ट नावाचा ऑप्शन येतो, बटण दाबलं की नाक 40 मिलिमीटर वर उचलतं. तिन्हीत हा एकच इलाज कंपनीने स्वतः दिलेला आहे, आणि जीटी-आरवाल्यांची सगळ्यात जुनी मागणी नेमकी हीच.

मग टायर. माझ्या दुकानात एका पाहुण्याची गाडी आली होती, ब्रँड राहू द्या, हायवेच्या तरसोद-फागणे पट्ट्याचं काम रखडलेलं होतं तेव्हाची गोष्ट, रात्री डायव्हर्जनच्या कडेवर चाक आपटलं. बाहेरून रिम नवीन दिसत होती. मशीनवर फिरवल्यावर आतली कड पानाच्या टोकासारखी वाकलेली दिसली आणि टायरच्या साइडवॉलला, म्हणजे बाजूच्या भिंतीला, अंगठ्याएवढा फुगा. फुगा आला की तो टायर गेला, त्याला पंक्चर नाही, पॅच नाही. आता साइज बघा (पहिला आकडा मिलिमीटरमध्ये रुंदी, दुसरा साइडवॉलची उंची त्या रुंदीच्या टक्क्यात): जीटी-आरला पुढे 255/40 आणि मागे 285/35, दोन्ही 20 इंची आणि रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे. 911 करेरा एसला पुढे 245/35 चे 20 इंची, मागे 305/30 चे 21 इंची. मस्टँगला 19 इंची, 255/40 आणि 275/40. तिन्हीत पुढचा-मागचा साइज वेगळा, म्हणजे आलटून-पालटून लावून आयुष्य वाढवायची आपली नेहमीची युक्ती इथे चालत नाही. 30 नंबरच्या साइडवॉलमध्ये रबर उरतंच किती, खड्ड्याचा सगळा मार रिमला. या बाबतीत मस्टँग सरळ पुढे आहे, 40 चा साइडवॉल दोन्हीकडे आणि साइज त्यातल्या त्यात मिळणारा. 911 चे मागचे टायर जळगावात तर सोडाच, मुंबईहून मागवताना पण कधी कधी थांबावं लागतं, आणि एक फुटला की त्याच्या जोडीचाही बदला म्हणतात. एवढ्या रुंद टायरचा दुसरा वैताग म्हणजे आवाज. 911 चे मालक जगभर ही तक्रार करतात की सिमेंटच्या रस्त्यावर केबिनमध्ये टायरची घरघर फार येते, आणि ती खरी आहे, लांबच्या प्रवासात गाणं लावलं तर टायरशी भांडून ऐकावं लागतं.

जीटी-आरचा कडकपणा वेगळ्या जातीचा. 2007 साली टोकियोत दाखवलेली गाडी ती, सस्पेन्शन तेव्हापासून दगड, 2017 च्या मॉडेलला जरा माणसात आणली. डॅशबोर्डवर आधी 27 बटणं होती ती 11 वर आणली, 8 इंची स्क्रीन दिली. तरी आतून गाडी जुनीच वाटते हे मालक स्वतः कबूल करतात. गिअरबॉक्स मागच्या एक्सलपाशी आहे, ड्युअल क्लच, आणि हळू चालवताना तो पत्र्याच्या डब्यात नटबोल्ट हलवल्यासारखा वाजतो. बिघाड नसतो, तशीच आहे ती. पण दोन कोटी दिल्यावर जळगावच्या टॉवरजवळच्या ट्रॅफिकमध्ये शेजारचा रिक्षावाला वळून बघतो, तेव्हा त्याला हे समजावत बसणार का?

उन्हाचं बोलू, कारण बाहेरचे रिव्ह्यू वाचताना हा भाग आपल्याला कोणी सांगत नाही. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. जीटी-आर आणि 911 दोन्ही ट्विन टर्बो, हवा गरम झाली की इंटरकूलरचं, म्हणजे टर्बोतली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचं, काम वाढतं, इंजिन स्वतःला वाचवायला पॉवर कमी करतं, म्हणजे तुम्ही ज्या 570 चे पैसे दिले ते दुपारी दोन वाजता तेवढे नसतात. जीटी-आरच्या स्क्रीनवर गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान वेगळं दाखवतात ते उगाच नाही. सुरुवातीच्या गाड्यांमध्ये लाँच कंट्रोल (जागेवरून झटक्यात सुटायची सोय) वापरून वापरून लोकांनी गिअरबॉक्स फोडले होते, त्यावरून वॉरंटीची भांडणं झाली आणि निसानला सॉफ्टवेअर बदलावं लागलं. मस्टँगला टर्बोच नाही, मोठं साधं इंजिन, उन्हात तीही कुरकुरते पण तिचं कुरकुरणं कमी.

911 ची एक भानगड आपल्या भागात जास्त नडते. इंजिन मागे, पण रेडिएटर पुढे, बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत. तिथल्या खिडक्यांतून पानं, कचरा आत जाऊन रेडिएटरवर साचतो ही 911 वाल्यांची पिढ्यानपिढ्यांची तक्रार आहे, कंपनीने आधीच बारीक जाळी का दिली नाही म्हणून लोक वैतागतात आणि बाहेरून जाळ्या घेऊन बसवतात. परदेशात झाडाची पानं जातात. आपल्याकडे दिवाळीनंतर जिनिंगला जाणारे कापसाचे ट्रॅक्टर आणि टेम्पो रस्त्यावर असतात, त्यांच्या मागे दहा किलोमीटर चाललात की कापसाचा पिंजका जाळीत चिकटतो, वर धूळ बसते, मग त्याचा नमद्यासारखा थर होतो, हवा बंद. जाळी बसवाच, आणि सीझनमध्ये ती काढून साफ करायची सवय लावा, प्रेशरचं पाणी रेडिएटरवर सरळ मारू नका, पात्या दुमडतात.

पेट्रोल. मस्टँगचं इंजिन साध्या पेट्रोलवर चालतं, थोडी पॉवर कमी होते एवढंच, अमेरिकेत लोक सर्रास तसंच चालवतात. 911 ला 98 ऑक्टेन आवडतं, 95 च्या खाली जायचं नाही. जीटी-आर तर त्याहून खवचट, जपानच्या हाय-ऑक्टेनवर ट्यून केलेली. आपल्याकडे साधं पेट्रोल बरीच वर्षं 91 चं होतं, मोठ्या शहरांत एक्सपी100 किंवा पॉवर99 असली जास्त ऑक्टेनची पेट्रोलं मिळतात, खान्देशात ती मिळाली तरी देवाची कृपा. त्यात 2025 पासून जवळपास सगळीकडे 20 टक्के इथेनॉल. जुनी मस्टँग किंवा जीटी-आर घेणार असाल तर मॅन्युअलमध्ये इथेनॉलची मर्यादा किती लिहिलीय ते आधी बघा.

आता ज्यावर माझ्या मते सगळा निर्णय फिरतो ते. सर्व्हिस. फोर्डने सप्टेंबर 2021 मध्ये भारतातलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, त्यानंतर मस्टँग इथे अधिकृत आलीच नाही. म्हणजे तुम्हाला मिळणार ती 2016 पासून काही वर्षं विकली गेलेली, तेव्हा 65 लाख एक्स-शोरूमची, 6 स्पीड ऑटोमॅटिकवाली. तिची रडगाणीही माहितीतली आहेत: वेगात बोनेट थरथरतं, ॲल्युमिनियमचं बोनेट असल्याने कडेला रंगाखाली फुगवटे येतात, मागच्या सीटवर मोठं माणूस बसत नाही, आणि सेफ्टीत 2017 ला युरो एनकॅपने (युरोपात गाड्या धडकवून तपासणारी संस्था) दोनच स्टार दिले, सुधारणा केल्यावर त्याच वर्षी तीन. हा शेवटचा मुद्दा मला खटकतो, बाकीचे नाही. कारण बोनेट बदलता येतं, इंजिन साधं आहे, पार्ट अमेरिकेहून भरपूर येतात, आणि एखादा हुशार मेकॅनिक नाशिक-पुण्याचा हाताशी असेल तर गाडी चालू राहते.

जीटी-आर 2016 च्या डिसेंबरात 1.99 कोटीला आली, आणि तिच्यासाठीचं हाय परफॉर्मन्स सेंटर होतं नोएडात. जळगावहून हजार किलोमीटर. चारही चाकांना पॉवर, त्यामुळे बंद पडली तर टो करून नेता येत नाही, फ्लॅटबेडच, म्हणजे गाडी वर चढवून नेणारा ट्रकच, लागतो. ऑगस्ट 2025 मध्ये तिचं उत्पादनच थांबलं, अठरा वर्षांत साधारण 48,000 गाड्या बनल्या. इंजिन एकेक कारागीर हाताने जोडतो, त्याच्या नावाची पट्टी वर असते, हे ऐकायला फार छान, पण ते इंजिन कन्नडच्या घाटात जाममध्ये गरम होऊन थांबलं तर पट्टीवरच्या नावाला फोन लागत नाही. ज्याला लहानपणापासून हीच पाहिजे होती त्याला मी थांबवत नाही, त्याने घ्यावी, पण घरात दुसरी रोजची गाडी पाहिजेच.

911 चं सेंटर मुंबईला आहे, अहमदाबादला आहे. नंदुरबार-शहाद्याच्या माणसाला गुजरातची बाजू सोयीची, एमएच-19 म्हणजे जळगाववाल्याला मुंबई. लांबच आहे, पण आहे, आणि गाडी अजून बनतेय. तिची बाकीची रडगाणी घरच्या भांडणाएवढी आहेत. 992 च्या, म्हणजे आताच्या पिढीच्या 911 च्या, मीटरमधले कडेचे दोन डायल स्टिअरिंगमागे झाकले जातात, मान वाकडी करून बघावं लागतं. चमकदार काळ्या पॅनेलवर बोटांचे ठसे आणि आपली धूळ, दोन्ही. चहाचा कप ठेवायची जागा अशी की कोपर लागलं की सांडला. 2024 च्या नवीन मॉडेलात मधला काट्याचा मीटर जाऊन सगळी स्क्रीन आली, किल्लीसारखं फिरवायचं जाऊन बटण आलं, त्यावर जुने लोक रुसलेत, मला त्यात काही रडण्यासारखं वाटत नाही. मात्र नवीन कूपेत मागची सीट मागितली तरच येते, फुकट, पण मागावी लागते, बुकिंगला विसरलात तर पोराला घरी ठेवा. पोर्शचं खरं दुखणं ऑप्शनची यादी, बाकी कंपन्या जे गाडीसोबत देतात त्याचेही इथे वेगळे पैसे.

म्हणून माझं मत सरळ आहे. वर्षातून बऱ्याचदा नाशिक-मुंबई करणार, घरच्यांना कधीतरी बसवणार, त्याने 911, आणि नवी परवडत नसेल तर कमी चाललेली जुनी. बजेट अर्ध्यावर असेल, व्ही-8 चा आवाज ऐकूनच जीव सुखावत असेल आणि मेकॅनिक ओळखीचा असेल तर मस्टँग, फक्त सेफ्टीचं लक्षात ठेवून चालवा. जीटी-आर तिसरी, आणि हे मी तिचा चाहता असून म्हणतोय.

टोकन देण्याआधी तीन गोष्टी करा. गाडी लिफ्टवर घेऊन पोट बघा, घासलेलं प्लास्टिक चालेल, घासलेला धातू नको. चारही रिम मशीनवर फिरवून घ्या, नुसतं बाहेरून बघून काही कळत नाही. आणि परराज्यातली गाडी असेल तर टॅक्सचा हिशोब आधी आरटीओत जाऊन विचारा, महाराष्ट्राने 2025 मध्ये कमाल मर्यादा 20 लाखांवरून 30 लाख केलीय, विकणारा हे आपणहून सांगत नाही. 911 बघत असाल तर बसल्या बसल्या फ्रंट लिफ्टचं बटण शोधा, दाबून नाक वर जातंय का ते उतरून बघा, आणि बटणच नसेल तर ती गाडी कितीही स्वस्त असली तरी सोडा, कारण नंतर बसवायचा खर्च आणि खटाटोप ऐकून तुम्हीच नको म्हणाल.