जेरिकोचा गुलाब: मेक्सिकोचा की अरबस्तानचा?

एकाच नावाने दोन अगदी वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. दोन्हींचा वाळका गोळा पाण्यात उमलतो, त्यामुळे गफलत होते. माझ्याकडे दोन्ही आहेत. मेक्सिकोची ऑनलाइन मागवली होती, अरबस्तानची आतेभावाने मस्कतहून आणून दिली.

मेक्सिकोची म्हणजे सेलाजिनेला लेपिडोफायला, चिहुआहुआ वाळवंटातल्या खडकाळ उतारांवरची. शेवाळासारखी दिसली तरी शेवाळ नव्हे, आपल्या विंध्य-सातपुड्यातल्या संजीवनीची सख्खी बहीण. संध्याकाळी बशीत ठेवली की जेवणं आटपेपर्यंत तपकिरी बोटं पसरतात आणि सकाळी मधला भाग हिरवा झालेला असतो. रोप जिवंत असेल तरच, अर्थात. ते पाहण्याचं सुख अरबी रोपात नाही, हे मी मोकळेपणाने कबूल करतो.

पण तिला मधूनमधून पूर्ण वाळावं लागतं, आणि आमच्या ठाण्यात जून ते सप्टेंबर काही वाळतच नाही. पाण्यातून काढून आठवडा झाला तरी ती अर्धवट मिटलेली, दमट. मग खालच्या पानांवर पांढरी बुरशी आणि खोलीत कुबट वास. पंख्याखाली ठेवली, रोज पाणी बदललं, तरी दोन पावसाळ्यांत दोन रोपं गेली. सोलापूर-नगरच्या कोरड्या हवेत कदाचित ती छान राहील, माझा अनुभव खाडीकाठचा आहे.

अरबस्तानची ॲनास्टॅटिका, तिकडची ‘कफ मरियम’, मोहरीच्या कुळातली. बाळंतपणात ती पाण्यात घालून उमलायची वाट पाहण्याची तिकडे जुनी रीत आहे. रोप एका हंगामात मरतं, पण वाळलेल्या फांद्या मुठीसारख्या मिटून बिया सांभाळतात. वाऱ्यावर गडगडत जाते असं सांगतात. खरं तर बहुधा ती मुळांवर जागीच उभी असते. पाऊस आला की फांद्या उघडतात, थेंबांच्या माऱ्याने बिया सुटतात आणि त्याच ओलीवर रुजतात. ती पुन्हा हिरवी होत नाही, तेव्हा हिरवाई हवी असेल तर तुमची निराशा होईल. माझ्याकडे मात्र भर श्रावणातही पाण्यातून काढली की दोन-तीन दिवसांत ती मिटते, आणि वास नाही.

आज नव्याने घ्यायची झाली तर मी बहुतेक हीच घेईन. गेल्या जूनमध्ये तिची एक बी बशीतल्या ओल्या कापसावर पडली होती. दुसऱ्या दिवशी तिला पांढरा मोड आला होता.