टक्समॅथ: काही महिने शाळेत वापरल्यानंतर

टक्समॅथ हा गणिताचा फुकट, मुक्त-स्रोत खेळ. एकदा टाकला की नेट लागत नाही आणि शाळेतल्या जुनाट कॉम्प्युटरवरही चालतो. विदर्भातल्या खेड्यांत निम्मी अडचण इथेच मिटते. वरून गणितं घेऊन उल्का पडतात. उत्तर टाइप करून एंटर दाबलं की फुटतात. खाली पेंग्विनचे चार इग्लू, म्हणजे बर्फाची घरं. उल्का सुटून आदळली तर पहिल्या माऱ्यात इग्लू वितळतो, दुसऱ्यात पेंग्विन निघून जातो.

सुरुवात ‘आर्केड’ या खेळप्रकाराने करू नका. तिथे वेग वाढत जातो आणि पोट्टे अंदाजपंचे आकडे बडवतात. खेळातल्याच ट्रेनिंग अकॅडमीतले धडे क्रमाने घ्या: आधी नुसते अंक टाइप करणं, मग बेरीज. चुकलेलं गणित तिथे पुन्हा समोर येतं, खरी कमाई ती.

मराठी माध्यमात मोठी अडचण वेगळीच आहे. पडद्यावरचे आकडे इंग्रजी. इंग्रजी आठ आपल्या ४ सारखा दिसतो, इंग्रजी नऊ १ सारखा. ‘आठ अधिक तीन’ला मुलाने सात दाबलं, तर बेरीज चुकलेली नसते, त्याने आठाचा ४ वाचलेला असतो. मॉनिटरच्या कडेला दोन्ही आकड्यांची जोडपट्टी चिकटवा, आणि रागावण्याआधी उदाहरण मोठ्याने वाचायला लावा. दोन अंकी उत्तरांतही असंच. ‘बेचाळीस’मध्ये आधी बे ऐकू येतात, वहीतही एकक आधी मांडतात, म्हणून ४२ च्या जागी २४ पडतात. हे थांबेपर्यंत दहाच्या आतल्या बेरजांचेच धडे द्या.

पाढे येतात पण अडखळत, अशा तिसरी-चौथीच्या मुलांना हा खेळ उत्तम. गुणाकार म्हणजे काय, हे मात्र तो शिकवत नाही. सात चोक अठ्ठावीस का होतात, त्यासाठी आधी काड्यांचे गठ्ठेच हवेत.

लाइटचं बघा. धडा पुरा झाल्यावरच सोनेरी तारा मिळतो. मध्येच वीज गेली की सगळं पहिल्यापासून, आणि मूल हिरमुसतं. यूपीएसची बॅटरी मेली असेल तर छोटेच धडे निवडा. तारे लॉगिनप्रमाणे साठतात, म्हणून किमान इयत्तेनुसार वेगळं लॉगिन करा. एका मशीनवर दोघं बसले तर एकाने सांगायचं, दुसऱ्याने दाबायचं, धड्यागणिक अदलाबदल. नाहीतर हुशार पोरगा कीबोर्ड सोडत नाही.

टक्समॅथसोबतच येणारा फॅक्टरॉइड्स हा दुसरा खेळ बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. त्यात दगडावरची संख्या मूळ अवयवाने फोडायची असते. सहावी-सातवीला मूळ अवयव शिकवून झाल्यावर तोच लावा. टक्समॅथ त्यांना बाळबोध वाटतो.