घोडा की जादू?

वेस्टर्न (म्हणजे जुन्या अमेरिकी पश्चिमेतल्या घोडेस्वार-बंदूकवाल्यांच्या कथा) आणि परीकथेच्या वळणाची फँटसी, दोन्हींत कुणीतरी घर सोडून निघतो. फरक पडतो तो वाटेवर.

वेस्टर्नमध्ये घोडा दमतो, पाणी संपतं, पिस्तुलात गोळ्या सहाच असतात. चार्ल्स पोर्टिसची 'ट्रू ग्रिट' (१९६८) ही कादंबरी घ्या. चौदा वर्षांची मॅटी बापाच्या खुन्याचा माग काढायला निघते. पण मला सर्वांत थरारक वाटतो तो फोर्ट स्मिथ गावातला सौदा: बापाने घेतलेली तट्टं ती व्यापाऱ्याच्याच गळ्यात परत मारते, वकिलाचा धाक घालून पैसे वसूल करते. एकही गोळी न झाडता ही पोर काय चीज आहे ते कळतं. कायदा दूर असला की माणसाची धमक अशी उघडी पडते.

परीकथेत मात्र दिलेला शब्द हाच कायदा. नील गेमनच्या 'स्टारडस्ट'मध्ये (१९९९) तरुण नायक प्रेयसीला दिलेल्या शब्दापायी निखळलेला तारा आणायला परीराज्याच्या सीमेवरच्या भिंतीपलीकडे जातो. सापडते ती पाय मोडलेली, संतापलेली मुलगी! तीच तारा. इथे जादू फुकट मिळत नाही, आणि ते मला फार आवडतं. नियम न पाळणारी जादू आली की मी पुस्तक मिटतो.

खलनायक परीकथेतले जास्त रंगतात. चेटकिणीपुढे गुरंचोर फिकाच. तरी एकच पुस्तक निवडायचं तर मी वेस्टर्न उचलेन. त्यातली जखम पुढच्या प्रकरणातही ठणकत राहते.